एका वेळी एकच पाहुणा



समीक्षा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर कादंबरी येते, नाटक येतं, फार तर चित्रपट येतो. आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. घरातल्या टेलिफोनला जोडलेला एक छोटा संगणक, त्यावर चालणारा एक फळा आणि तो फळा हौसेने चालवणारा माणूस, या तिघांविषयी आज बोलायचं आहे. या प्रकाराला बुलेटिन बोर्ड सिस्टिम म्हणत, थोडक्यात बीबीएस. आणि चालवणारा म्हणजे सिस्टिम ऑपरेटर, त्याचा झाला सिसॉप.

कोणी म्हणेल, हा तर तंत्रज्ञानाचा इतिहास झाला, यात समीक्षा कुठे आली? आमचं म्हणणं असं, की बीबीएस हा एक आकृतिबंध होता. ओवीला जशी तिची मोजणी असते तशी त्यालाही मोजणी होती, आणि त्या मोजणीतून त्याची रीत घडली. आज जुन्या घरगुती संगणकांचे शौकीन हे फळे पुन्हा चालवतायत, कमोडोर ६४ सारख्या चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्रांवर. त्यांच्यावर माहितीपट झाला, पुस्तकं झाली. मग प्रश्न येतो: या पुनरुज्जीवनात नेमकं काय टिकलं? यंत्र टिकलं, की फळा टिकला? हे ठरवणं समीक्षेचंच काम आहे.

खडू एकाच्याच हाती

आधी सुरुवात पाहू. जानेवारी १९७८ मध्ये शिकागोत मोठं हिमवादळ झालं. वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस हे दोघं तिथल्या संगणक हौशी मंडळाचे सदस्य. घराबाहेर पडणं मुश्कील झालेलं. मंडळाच्या बैठकीत सूचना टाचायला असतो तसा फळा संगणकावर करता आला तर, ही त्यांची कल्पना. क्रिस्टेन्सनने प्रोग्रॅम लिहिला, स्यूसने यंत्र जोडलं, आणि १६ फेब्रुवारी १९७८ ला सीबीबीएस सुरू झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये 'बाइट' मासिकात दोघांनी लेख लिहून आपण हे कसं केलं ते सांगितलं. त्यानंतर ठिकठिकाणी असे फळे उभे राहिले.

आपल्याकडे चौकाचौकात मंडळाचा वार्ताफलक असतो. लिहिणारा एक, वाचणारे शंभर. शिकागोच्या फळ्याचा प्रकार उलटा होता. खडू ज्याच्या त्याच्या हातात जायचा, पण एका वेळी एकाच्याच. कारण साधं होतं: फोनची लाइन एक. एकाने फोन लावला की दुसऱ्याला एंगेज टोन.

आता जरा हिशेब करू, कारण या आकृतिबंधाची मात्रा त्यातच आहे. सुरुवातीचे मोडेम ३०० बॉडचे, म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. कमोडोर ६४ च्या पडद्यावर ४० अक्षरांच्या २५ ओळी, म्हणजे १००० अक्षरं. एक पडदा भरायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ. अक्षरं डोळ्यांसमोर एकेक उमटत जायची, साधारण आपण वाचतो त्याच वेगाने. आणि प्रत्येकाला अर्धा तास दिला, तर २४ तासांत जास्तीत जास्त ४८ जण येऊन जाणार. मोठ्या शहरातल्या फळ्याची एका दिवसाची सगळी वस्ती ४८ माणसांची. एसटीच्या एका गाडीत मावेल एवढी.

या आकड्यांमुळे लिहिण्याची पद्धत बदलते. तुम्ही निरोप ठेवता, फोन ठेवता, मग दुसरा येतो, वाचतो, उत्तर देतो. तुम्हाला ते उत्तर संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी दिसणार. बडबड करायला लाइन मोकळी नाही, आणि मागे कोणीतरी ताटकळतंय हे माहीत असतं. काही जण म्हणतात की त्या काळची माणसं जास्त सभ्य होती. आम्हाला ते पटत नाही. भांडणं तेव्हाही झाली, चोरीचे प्रोग्रॅम वाटणारे फळेही भरपूर होते. फरक स्वभावाचा नसून रांगेचा होता. रांगेत उभं राहिलेला माणूस जरा मोजून बोलतो, एवढंच.

दुसरी मोजणी पैशांची. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी स्थानिक कॉल ठरावीक मासिक भाड्यात व्हायचा, दूरचा कॉल मात्र महाग. त्यामुळे फळ्यावर येणारी माणसं बहुतेक गावातलीच. एखाद्याशी महिनाभर निरोपांची देवाणघेवाण झाली की शनिवारी त्याच्यासोबत पिझ्झा खायला जाता यायचं. टोपणनावामागचा माणूस फार लांब नसायचा.

यंत्राची बोली

घरगुती संगणकांच्या फळ्यांची आणखी एक गंमत आहे, आणि आपण मराठी माणसांना ती चटकन कळेल. ती आहे बोलीची.

संगणकांची प्रमाण लिपी म्हणजे अॅस्की. पण कमोडोरची स्वतःची वेगळी होती, पेटस्की. तिच्यात छोटी आणि मोठी इंग्रजी अक्षरं अॅस्कीच्या मानाने उलटसुलट जागी, आणि वर चौकोन, रेघा, बदाम, किलवर अशी चित्रं, रंग बदलणारे संकेत. अटारीची अॅटॅस्की आणखी निराळी. कमोडोरवाल्याने रंगीत पेटस्कीत सजवलेला फळा दुसऱ्या यंत्रावरून पाहिला तर नुसता कचरा दिसायचा. फाइली पाठवण्याच्या पद्धतीही वेगवेगळ्या. क्रिस्टेन्सनची एक्समोडेम १९७७ ची, १२८ बाइटचे तुकडे पाडून पाठवणारी. कमोडोरवाल्यांत मात्र कॅनडातल्या स्टीव्ह पंटरची पंटर पद्धत रुळली.

मग फळा पाहुण्याला ओळखणार कसा? आजही कमोडोरचे अनेक फळे सुरुवातीला एकच विनंती करतात: डिलीटची कळ दाबा. कमोडोर त्या कळीसाठी २० हा संकेत पाठवतो, इतर यंत्रं ८ किंवा १२७ पाठवतात. आलेल्या आकड्यावरून फळा ठरवतो की पाहुण्याशी पेटस्कीत बोलायचं की अॅस्कीत. 'पाणी' म्हणतो की 'पानी', यावरून आपण समोरच्याचं गाव ओळखतो ना, तसंच हे. ही कळ लक्षात ठेवा, तिच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

सिसॉप काय करतो

आता मुख्य पात्र. सिसॉप काय करतो? दुरून पाहणाऱ्याला वाटतं, यंत्र चालू ठेवतो आणि झोपतो.

कमोडोर ६४ चा फळा घ्या. हे यंत्र मुळात संध्याकाळी दोन तास खेळ खेळायला बनवलेलं. सिसॉप ते दिवसरात्र चालू ठेवतो, म्हणजे स्वतः त्यावर खेळू शकत नाही. त्याच्या मूळ वीजपुरवठ्याच्या ठोकळ्यात एक जुनं दुखणं आहे: आतला नियंत्रक बिघडला की ५ व्होल्टच्या तारेवर जास्त दाब जातो आणि मेमरीच्या चिपा मरतात. म्हणून जाणता सिसॉप पहिल्यांदा तो ठोकळा बदलतो. फ्लॉपी ड्राइव्ह तापतो. एका फ्लॉपीवर ६६४ ब्लॉक मोकळे आणि १४४ पेक्षा जास्त फाइली नाहीत. म्हणजे निरोप, सभासदांची यादी, प्रोग्रॅम, मदतीची पानं, सगळं मिळून १७० किलोबाइटच्या आत-बाहेर. जागा भरली की जुने निरोप पुसायचे. कुठले पुसायचे आणि कुठले ठेवायचे? हा निर्णय संपादकाचा असतो, आणि तो सिसॉप दर आठवड्याला, बिनपगारी, रात्री उशिरा घेत असतो.

तेवढी एक फ्लॉपी ३०० बॉडने उतरवून घ्यायची म्हटली तरी दीड तासाहून जास्त वेळ लागतो, आणि तितका वेळ बाकी सगळे बाहेर. म्हणून वेळेची मर्यादा. म्हणून 'काही दिलंत तर काही घ्या' असा चढवण्या-उतरवण्याचा हिशेब. म्हणून नव्या माणसाची चौकशी, कधी त्याला फोन करून आवाज ऐकणं. १९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज आणि जॉन मॅडिल यांनी फिडोनेट सुरू केलं. मग रात्री एक तास पाहुण्यांना दार बंद ठेवून फळे आपसांत टपाल बदलू लागले, कारण रात्री दूरचे कॉल स्वस्त. त्या कॉलचं बिल पुन्हा कोणीतरी सिसॉपच भरायचा.

जबाबदारीही त्याचीच. १ मार्च १९९० ला अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसने ऑस्टिनमधल्या स्टीव्ह जॅक्सन गेम्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीवर धाड टाकली आणि इतर गोष्टींबरोबर तिचा इल्युमिनाटी हा फळा चालवणारा संगणकही उचलून नेला. त्यात लोकांचं न वाचलेलं टपाल होतं. १९९३ मध्ये न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. फळा हे खेळणं असलं, तरी तो चालवणारा दुसऱ्यांचा पत्रव्यवहार सांभाळत असतो, हे त्या निकालातून स्पष्ट झालं.

या सगळ्याला आम्ही घर चालवणं म्हणू. दुकान वेगळं आणि घर वेगळं. घरात येणाऱ्याला पाणी विचारावं लागतं, आणि वेळ झाली की 'आता या' असंही म्हणावं लागतं.

माहितीपट आणि पुस्तक

आता हे सगळं नोंदवणाऱ्या दोन कृतींकडे येऊ.

पहिली, जेसन स्कॉट यांचा 'बीबीएस: द डॉक्युमेंटरी', २००५. आठ भाग, साडेपाच तासांच्या आसपास, दोनशेहून जास्त मुलाखती. या कामाचं मोल आधी मान्य केलं पाहिजे. रँडी स्यूस २०१९ मध्ये गेले, वॉर्ड क्रिस्टेन्सन २०२४ मध्ये. त्यांचे चेहरे आणि आवाज वेळेत नोंदवले गेले ते या माणसाच्या चिकाटीमुळे. शिवाय स्कॉट यांनी तो मुक्त परवान्याखाली दिला, म्हणजे फळ्याची वाटून घेण्याची रीत त्यांनी स्वतःच्या कामालाही लावली.

पण रचना पाहा. एक भाग उगमावर, एक सिसॉप आणि वापरणाऱ्यांवर, एक धंद्यावर, एक फिडोनेटवर, एक चित्रकारांवर, एक हॅकरांवर, एक फाइली दाबण्याच्या प्रोग्रॅमवरच्या भांडणावर, आणि एक शेवटावर, ज्याचं नाव 'नो कॅरियर'. लाइन तुटली की मोडेम जे दाखवतो तेच शब्द. वाटणी सोयीची आहे, पण ती कर्तबगारीची वाटणी आहे. कोणी शोध लावला, कोणी पैसा केला, कोण भांडलं, कोण पकडलं गेलं. यात रोज रात्री नऊ वाजता फोन लावून, सगळं वाचून, एक ओळही न लिहिता जाणारा माणूस कुठे बसवायचा? आणि रोज जुने निरोप पुसणाऱ्याचं ते कंटाळवाणं काम कुठे? घरगुती यंत्रांच्या बोलींसाठी वेगळा भाग नाही. वापरणाऱ्यांना अर्धा भाग मिळतो, सिसॉपच्या शेजारी. मुलाखतीचा दोषच असा, की जो बोलका असतो तोच इतिहासात बसतो. आणि शेवटाला 'नो कॅरियर' म्हटलं की सगळ्या गोष्टीला शोकगीताचा सूर लागतो. जे आजही चालू आहे, त्याला त्या सुरात जागा उरत नाही.

दुसरी कृती, केव्हिन ड्रिस्कॉल यांचं 'द मोडेम वर्ल्ड', येल विद्यापीठ प्रकाशन, २०२२. त्यांचा मुद्दा वजनदार आहे. इंटरनेटचा इतिहास आपण अर्पानेटपासून सांगतो, म्हणजे सरकारी पैसा आणि विद्यापीठं. पण सामान्य माणूस ऑनलाइन राहायला शिकला तो या हौशी फळ्यांवर, आणि ती बाजू गोष्टीतून गळली. समलिंगी लोकांचे फळे, एड्सच्या काळात माहिती आणि धीर देणारे फळे यांवर त्यांनी लिहिलंय, आणि तिथे पुस्तक सर्वात जास्त बोलतं. तिथे सिसॉप म्हणजे यंत्रवेडा पोरगा राहत नाही. आजारी माणसांना रात्री जागा करून देणारा माणूस होतो.

आमची तक्रार आहे ती उपशीर्षकाशी: 'समाजमाध्यमांचा पूर्वेतिहास'. पूर्वेतिहास म्हटलं की पुढे जे आलं ते मुक्कामाचं ठिकाण ठरतं आणि फळा म्हणजे वाटेतला थांबा. ज्ञानेश्वरीला आधुनिक कवितेचा पूर्वेतिहास म्हटलं तर आपल्याला जसं खटकेल, तसंच हे खटकतं. लेखकाचा स्वतःचा युक्तिवाद याच्या उलट जातो. फळे ही वेगळी शक्यता होती, असं ते दाखवतात. पण नाव मात्र विजेत्याच्या सोयीचं ठेवलंय.

आजचे फळे

आता आजचं पाहू. आज चालणारे बहुतेक फळे इंटरनेटवर आहेत. एक स्वस्त वायफाय चिप हेज मोडेमचं सोंग घेते. कमोडोरला वाटतं फोन आहे. तो जुनीच आज्ञा देतो, नंबराच्या जागी पत्ता असतो, आणि पडद्यावर जुनाच 'कनेक्ट' उमटतो. थोडे हट्टी लोक अजून खऱ्या फोन लाइनवर फळा ठेवतात. पण तेही अवघड होत चाललंय. फोन कंपन्या आवाज आकड्यांत दाबून पाठवतात, त्यात मोडेमचे सूर विस्कटतात. ब्रिटनमध्ये तर जुनी तांब्याच्या तारांवरची फोन सेवा जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचं ठरलंय.

आता कठोरपणे पाहिलं तर इथे काय राहिलं? गाव गेलं, कारण पाहुणा ऑस्ट्रेलियातूनही येतो. बिल गेलं. वाट पाहणंही जवळजवळ गेलं, कारण दिवसात चारदोनच जण येतात. पुष्कळ हौशी मंडळी यंत्राच्या अस्सलपणावर जीव टाकतात. चिप मूळची हवी, ड्राइव्ह मूळचा हवा. आम्हाला त्या प्रेमाची थट्टा करायची नाही. पण सहा महिने ज्यावर सिसॉपने स्वतः एक ओळ लिहिली नाही, असा मूळ यंत्रावरचा फळा हे संग्रहालयाचं कपाट आहे. आणि साध्या संगणकावर नकली कमोडोर चालवून जो सिसॉप आलेल्या प्रत्येकाला उत्तर देतो, त्याचा फळा जिवंत आहे. अस्सलपणाची कसोटी प्लॅस्टिकच्या खोक्याला लावायची नसून दार उघडणाऱ्याला लावायची, हे आजच्या व्याख्यानाचं म्हणणं आहे.

याचा पुरावा पुन्हा त्या डिलीटच्या कळीत सापडतो. इंटरनेटवर उघडं दार दिसलं की ते ढकलून पाहणारे स्वयंचलित प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतात. टेलनेटचं २३ नंबरचं दार तर त्यांचं आवडतं. कमोडोरचा फळा एका वेळी एकालाच घेतो. म्हणजे हे यांत्रिक भुरटे आले की खरा पाहुणा बाहेर. चाळीस वर्षांनी एंगेज टोन परत आला, पण आता आत कोणीच नाही. मग सिसॉप दाराचा नंबर बदलतात, आणि ती जुनी विनंती पुढे करतात: डिलीटची कळ दाबा. कधी दोनदा. यंत्राला ते जमत नाही, माणसाला जमतं. बोली ओळखण्यासाठी केलेली खूण आज माणूस ओळखण्याच्या कामी येते. असं काही कपाटातल्या वस्तूला सुचत नाही. आकृतिबंध जिवंत असल्याशिवाय हे होत नाही.

आपल्याकडे

आपल्याकडे काय होतं, हे थोडक्यात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत थोडे बीबीएस चालत होते, काही फिडोनेटला जोडलेलेही. पण मोजणी वेगळी होती. फोनसाठी अर्ज केला की वर्षानुवर्षं वाट पाहायची, आणि स्थानिक कॉललाही मीटर पडायचा. फोन घरात असला तरी तो चाळीचा फोन, शेजाऱ्यांचे निरोप त्यावरच. असा फोन रात्रभर अनोळखी लोकांच्या संगणकांसाठी मोकळा ठेवणं ही हौस किती जणांना झेपणार? १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं आणि बहुतेकांनी फळ्याची पायरी न चढताच पुढे उडी मारली. आपल्या ऑनलाइन सवयी सुरुवातीपासून कंपन्यांच्या अंगणात घडल्या. घर चालवणारा सिसॉप आपल्यातल्या फार थोड्यांनी पाहिला.

म्हणूनच हा विषय आपल्यासाठी जुन्या यंत्रांच्या हौसेपुरता नाही. आज आपल्यापैकी प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या गटात आहे, सोसायटीच्या, शाळेच्या, नातेवाइकांच्या. तिथे कोणीतरी खोट्या बातम्या पुसतं, भांडण सोडवतं, नव्या माणसाची ओळख करून देतं. त्याला आपण 'अॅडमिन' म्हणतो आणि विनोदांत घेतो. त्या कामाला इतिहास आहे, रीत आहे, कसब आहे. बीबीएसचं कोणतंही पुस्तक किंवा माहितीपट पाहताना हा एक प्रश्न विचारत चला: यात यंत्राचं वय सांगितलंय, पण दार कोण उघडत होतं, बिल कोण भरत होतं आणि जुने निरोप कोण पुसत होतं, हे सांगितलंय का? नसेल सांगितलं, तर ती कृती अपुरी आहे, मग तिच्यातली चित्रं कितीही सुंदर असोत.

ज्यांच्या घरी माळ्यावर असं एखादं जुनं यंत्र असेल, त्यांना एवढंच सांगणं: वीजपुरवठा तपासल्याशिवाय चालू करू नका. आणि फळा सुरू केलात, तर आलेल्या पहिल्या पाहुण्याला उत्तर नक्की द्या.

आता प्रश्न घेऊ.